बूचभर रंग

"लक्ष्मीबाई, ओ लक्ष्मीबाई! तुमच्या थैल्या सोळाच झाल्या न्हवं? एक वाढीव करा. सतरावी आली!"

कुशाबाईंची हाक शेवग्याच्या कुंपणापलीकडून आली तशी लक्ष्मीबाई चुलीपुढून उठली. उठताना वाटीखालचं लाकूड मागं ओढायचं काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. पौषातली थंडी. बरणीतली काकवी गोठल्यासारखी घट्ट झाली होती. ती जरा पातळ व्हावी म्हणून तिनं पितळेच्या वाटीत घालून निखाऱ्यावर ठेवली होती.

"कोण सतरावी?" कुंपणाशी येत तिनं विचारलं.

"आमच्या खालच्या वावरात ऊसतोडीची टोळी उतरलीया न्हवं, त्यात काल आणखी एक कोयता आला. नवरा-बायकू. संगं दोन पोरी. एक कडंवरची, नि दुसरी ही एवढी." कुशाबाईंनी हात कमरेपाशी धरला. "उद्या तुमी समद्या पोरांला वाटणार, आन ती एकटीच बघत बसणार. मला आपलं वाटलं, सांगावं."

"बरं केलं सांगितलं."

"काकवी पुरली का? न्हायतर अजून देते. आमच्या मालकांनी डबाभर आणून ठिवलीया, खाणारं कुणी न्हाय. सुना म्हणत्यात, शुगर हुती. आमी जल्मभर खाल्ली, आमाला काय झालं?" कुशाबाई बोलता बोलता थांबल्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला. "अवो, तुमच्यात काय तरी करपतंय बघा!"

लक्ष्मीबाई पळाली. वाटीत काकवीचा काळपट तांबूस फेस झाला होता. पदरानं वाटी उचलून तिनं खाली ठेवली. ओसरीवर तिचा नवरा, साहेबराव, उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांना शेळीचे केस बांधत बसला होता. माळेगावच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. आता दरवर्षी या दिवसांत बायकोच्या हाताखाली कुंचले करायचा.

"गेली का वाया?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"वाया कशानं? जरा करपली. खायाची न्हाय, रंगातच घालायची हाय."

"मग दोन कुंचले वाढीव करू म्हणतीस? शेळीला इचारावं लागंल. आता मला बघितलं की ती दावं तोडून पळतीया. शेपूट बोडकं झालं बिचारीचं."

लक्ष्मीबाई हसली. सोळा बुचांमध्ये रंग थापून झाला होता, रंगाच्या वाटीच्या तळाशी थोडा राहिला होता. त्यात तिनं करपलेली काकवी निपटून घातली, बोटानं मळली, आणि सतराव्या बुचात थापली. ओल्यात तो रंग इतरांसारखाच दिसत होता. चहाच्या चोथ्यासारखा.

दसरा झाला की तिचं हे काम सुरू व्हायचं. बाभळीचा डिंक वेचून भिजत घालायचा. हळद, काव, नीळ, शाळेत उरलेले खडूचे तुकडे, दिव्यावर धरलेली काजळी, सगळं वेगवेगळं वाटून वस्त्रगाळ करायचं. डिंकाच्या पाण्यात मळायचं, चार थेंब काकवी घालायची म्हणजे वाळल्यावर रंग तडकत नाही, आणि बाटल्यांच्या बुचांत भरून सावलीत ठेवायचं. सात बुचं पुठ्ठ्याच्या पट्टीवर खळीनं चिकटवली की झाली रंगपेटी. तिच्याजोडीला रेघा ओढायला तुरीच्या काटक्यांचा कोळसा, जुन्या दिनदर्शिकांची पाठकोरी पानं शिवून केलेली वही, दोन कुंचले, आणि हे सगळं मावेल अशी जुन्या लुगड्याची, नाडी ओढायची थैली. पौष पौर्णिमेला या थैल्या शाळेतल्या ऊसतोडीच्या पोरांना द्यायच्या. गावातल्या पोरांना त्यांचे आईबाप बाजारातून आणून देतात. ही पोरं हंगामापुरती वरकुट्यात येतात आणि रिकाम्या हातानं पाठीमागच्या रांगेत बसतात. लक्ष्मीबाई त्याच शाळेत खिचडी शिजवायची, एकोणीस वर्षं. तिला सगळ्यांचे हात माहीत होते.

पिवळा, तांबडा, निळा, हिरवा, काळा, पांढरा. सहा रंग सरळ होते. सगळा खटाटोप असायचा तो सातव्यासाठी.

तिची लेक दिशा चौथीत होती तेव्हाची गोष्ट. 'माझे कुटुंब' असं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. दिशानं घर काढलं, शेवगा काढला, बापाची सायकल काढली, भावाच्या, सुमितच्या, हातात पतंग दिला. चौघांचे कपडे रंगवले. चौघांची तोंडं मात्र कोरी.

"तोंडं का सोडलीस?" लक्ष्मीबाई तांदूळ निवडत होती.

"आई, पेटीत आपला रंगच न्हाय."

"त्यो गुलाबी काय वाईट हाय?"

"बाई म्हणत्यात, त्यो अंगाचा रंग. पण कुणाच्या अंगाचा? आपल्यात तर कुणाचाच न्हाय."

"लई शाणी हुऊ नगंस. लाव गुलाबी. कोण बघायला येतंय?"

दिशानं लावला नाही. कोऱ्या तोंडांचंच चित्र तिनं शाळेत नेऊन दिलं. त्याच पावसाळ्यात तिला ताप आला. तापानं चार दिवस दिले, पाचवा दिला नाही. दहा वर्षांची होती.

भिंतीवर लावायला फोटो मोठा करायचा तर घरात एकच होता, शाळेच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. साहेबरावनं तो स्टुडिओत दिला. फोटोवाला भला माणूस. मुलगी गेली म्हणून कळवळला, पैसेही कमी घेतले, आणि न सांगता तिला गोरी करून दिली. गालावर गुलाबी, ओठावर लाली. नखाएवढा मूळ फोटो त्या गडबडीत कुठं गेला तो गेलाच. पाहुणेरावळे येत, फोटोपुढं हात जोडत, म्हणत, "कशी गोड आलीया फोटोत!" लक्ष्मीबाई मान हलवायची. सांगायची कुणाला, की भिंतीवर दुसऱ्याचीच पोर लावलीय? आणि मनात वाक्य यायचं, तिचं स्वतःचंच. लाव गुलाबी. कोण बघायला येतंय.

सुमित आता बारामतीला एमआयडीसीत कामाला होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कानावर आईनं हे घातलं तेव्हा तो म्हणाला, "आई, आता कंप्युटरवर समदं हुतंय. तू ये नुसती." फोटो कापडात गुंडाळून ती बारामतीला गेली. दुकानातल्या पोरीनं तो पडद्यावर घेतला, तिला शेजारी बसवलं.

"मावशी, मी हळूहळू रंग गडद करत जाते. जिथं तुमची मुलगी दिसंल, तिथं थांब म्हणा."

पडद्यावरचा चेहरा बदलायला लागला. गुलाबीचा गव्हाळ झाला, गव्हाळचा सावळा, सावळ्याचा काळा. थांब म्हणायला लक्ष्मीबाईचं तोंड उघडलंच नाही. पोरगी मागं फिरली. काळ्याचा सावळा, सावळ्याचा गव्हाळ.

"हा का, मावशी?"

"न्हाय."

"मग हा?"

लक्ष्मीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दिशा ना बापाच्या रंगाची, ना आईच्या. कुणी म्हणायचं आजीवर गेली, आणि आजी तर कधीचीच गेलेली. अनेक रंग डोळ्यांपुढून गेले आणि त्यातला आपल्या लेकीचा कुठला, ते आईला सांगता येईना. चौथ्या खेपेला ती हलकेच म्हणाली, "राहू दे बाई. तुझं काम खोळंबलं." परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोरींचे हात बघत राहिली.

तेव्हापासून ती माती गोळा करायला लागली. निमगाव केतकीच्या बाजाराला गेली की ओढ्याकाठची. माळेगावच्या वाटेवरचा मुरूम. उजनीच्या पाण्याकाठचा गाळ, वीटभट्टीवरची भुकटी. कावेत हळद, हळदीत काजळी, वर खडू. दरवर्षीचा अंगाचा रंग वेगळा व्हायचा. पोरं खूश व्हायची. त्यांना त्यात कुणाचा तरी काका सापडायचा, कुणाची तरी मावशी. लक्ष्मीबाईला दिशा सापडली नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी तिनं न्हाऊन पांढरं लुगडं नेसलं. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, बाबासाहेबांच्या तसबिरीला फूल वाहिलं, आणि हात जोडून शीलं घेतली. रोज पाच, पौर्णिमेला आठ. त्यातलं दुसरं म्हणताना ती नेहमीच सावकाश म्हणायची. जे मला दिलेलं नाही, ते मी घेणार नाही. खिचडीच्या तांदळातला एक दाणा कधी तिच्या पदराला लागून घरी आला नव्हता.

शाळेत सुप्रिया मॅडमनी पोरांना व्हरांड्यात बसवलं. थैल्या वाटून झाल्या. सतरावी, कडेवर बारकी बहीण घेतलेली, खांबाला टेकून उभी होती. हात पुढं करावा की नको, असं करत.

"ये की. तुझीच हाय ही. नाव काय?"

"निकिता."

"आन हिचं?"

"हिचं अजून ठिवलं न्हाई. आबा म्हनले, पट्टा पडला, कारखाना बंद झाला की ठिवू. आता कुनाला येळ हाय?"

लक्ष्मीबाईला हसू आलं. पोरगी खाली बसली, बहिणीला मांडीवर घेतलं, नाडी ओढून थैली उघडली. एकेक बूच तिनं नाकाशी नेऊन हुंगलं. शेवटच्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कंचा?"

"अंगाचा रंग."

"कुनाच्या अंगाचा?"

लक्ष्मीबाईनं त्या बुचाकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "तूच बघ, कुणाचा हाय त्यो."

निकिता स्वयंपाकखोलीच्या दाराशी, माठाजवळ बसली. पाणी तिथं होतं. कोळशानं रेघा ओढल्या, कुंचला बुडवला, आणि रंग बदलायची वेळ आली तसा भिंतीलाच पुसला.

"अगं, भिंत पुसतीस व्हय! फडकं घे की."

"ध्यानातच न्हाई ऱ्हात, आजी."

पोरांची पंगत बसली. लक्ष्मीबाई वाढून परत आली तोवर अर्धा तास झाला असेल. निकिता खिचडी खात होती, बारकीला एकेक शीत भरवत होती. वही शेजारी उन्हात पडलेली. चित्रात एक बाई बसली होती, हातात कोयता. एक डोळा वर, एक खाली; नाक गालावर गेलेलं. पण रंग वाळला होता. कोपरापासून मनगटापर्यंत, गळ्यावर, कपाळावर.

लक्ष्मीबाई उभ्याची खाली बसली.

वेणी घालताना मानेवरचे केस वर उचलले की खाली दिसायचा, तो. पावसात भिजून आली की टॉवेलाखाली तापलेल्या दंडाचा, तो. तांबूसही नाही आणि काळाही नाही; उन्हात धरलेल्या गुळाच्या खड्यात आत कुठंतरी उजेड असतो, तसा. तिचं डोकं शोधत होतं तेव्हा सापडलं नव्हतं, आणि आता ओळखायला पापणी लवेतोवरचाही वेळ लागला नाही. बारामतीच्या दुकानात जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता निघालं.

"थांब."

"काय, आजी?"

"काय न्हाय. खा तू."

"आजी, पळीतली खिचडी सांडतीया तुमची."

जेवून निकिता उठली. चित्राचं पान तेवढं तिनं वहीतून सोडवून घेतलं. बारकीला घेऊन तिला उसात आईकडं जायचं होतं. "आजी, थैली हितंच ठिवू का? पाचटाच्या कोपीत उंदरं लई हायती. उद्या येते."

"ठेव."

शाळा सुटली. भांडी घासून पालथी घातली. सगळीकडं सामसूम झाली आणि फडताळातली ती थैली लक्ष्मीबाईकडं बघायला लागली. तिनं नाडी सोडली. सातवं बूच पट्टीवरून अलगद सुटून हातात आलं. करपलेली काकवी, तिच्या लक्षात आलं. काल हाक आली, जाळ ओढायचा राहिला, ती. सोळांत नाही, या एकाच बुचात ती होती.

नखानं जरासं खरवडून घेतलं तर? तांदळाएवढं. पोरीला कळणारही नाही. आणि रंग कुणाचा? डिंक मी वेचला, माती मी आणली, वाटी माझी, चूल माझी. लेक माझी. अंगठ्याचं नख रंगाच्या कडेला टेकलं. कडेवर बारीक रेघ उठली.

दुपारची वेळ होती. सकाळपासून अन्नाचे चार घास पोटात, अंगावर पांढरं लुगडं. सकाळी हात जोडून जे म्हटलं ते अजून तोंडात ताजं होतं. तिनं केला, हे खरं. पण दिलाही तिनंच. दिल्यानंतर तो पोरीचा, आणि पोरीनं तिला दिलेला नाही.

तिनं बूच पट्टीवर बसवलं. नाडी ओढली, गाठ मारली. मग आणखी एक गाठ मारली.

घरी येऊन तिनं साहेबरावला सांगितलं. तो फोटोकडं न बघता म्हणाला, "माग की पोरीला. बूचभर तर रंग."

"दिलेलं मागू?"

"मग बदलून माग. सुमितनं ती बारा रंगांची पेटी आणलीया न्हवं बारामतीवरनं? ती दे, नि हे घे. पोर नाचत देईल. ह्यात कुठलं शील मोडतंय?"

मोडत नव्हतं. तिनं उलटसुलट करून पाहिलं, कुठंच मोडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेटी पदराखाली घेऊन ती शाळेत गेली, आणि पदराखाली काहीतरी आहे याचीच तिला दिवसभर लाज वाटत राहिली. मधल्या सुट्टीत तिनं पेटी निकितापुढं धरली. चकचकीत झाकण, आत बारा कांड्या, कडक टोकांच्या.

"बारा!" निकिताचे डोळे मोठे झाले.

"आवडली? तुला देते. तुझं ते सातवं बूच मला देशील?"

पोरीनं पेटीकडं पाहिलं, थैलीकडं पाहिलं. पेटीवरून हात फिरवला. मग हात मागं घेतला.

"न्हाई, आजी. ही दुसऱ्या कुनाला द्या."

"का गं?"

"ह्यो आमच्या आईचा रंग हाय. काल आईला दावलं तर म्हनली, अगं बया, ही तर मीच की! लई हसली. आबाला बी दावलं. आई कधी हसत न्हाई, आजी, लई दमती. अंधाराची जाती, अंधाराची येती. मला तिचं तोंड आता चित्रातच दिसतं नीट." बोलून झाल्यावर तिला काय वाटलं कुणास ठाऊक, लक्ष्मीबाईच्या हाताला बोट लावून तिनं विचारलं, "तुमी रागावला न्हाई न्हवं?"

"न्हाय गं. रागवायला काय झालं?" लक्ष्मीबाईनं पेटी तिच्या मांडीवर ठेवली. "ही बी ठेव. नि ते बूच जपून वापर."

तीन वर्षं जे व्हावं म्हणून ती माती मळत होती, ते झालं होतं. एका पोरीला पेटीत आपल्या माणसाचा रंग मिळाला होता. लक्ष्मीबाई आत गेली, आणि पेटलेल्या चुलीत पुन्हा फुंकर घालत बसली. धूर डोळ्यात गेला, हे बरं झालं.

मग तिनं घरी काकवी करपवायला घेतली. कुशाबाईंनी डबाच आणून दिला. पहिली कमी करपली, दुसरी कोळसा झाली. तिसरीच्या वेळी तिनं मुद्दाम कुंपणापर्यंत जाऊन, तेवढाच वेळ उभी राहून पाहिलं. कुशाबाई म्हणाल्या, "मी पुन्यांदा तशीच हाक मारू का?" आणि खरंच मारली, "सतरावी आली!" म्हणून. रंग वाळला तर विटकरी. तशी थंडी नव्हती, तो निखारा नव्हता, आणि आदल्या वेळची माती किती आणि कुठली, हे तिलाच आठवत नव्हतं.

"सुमितची आई, आता काकवी करपवायचा कारखानाच काढू," साहेबराव म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून उठला आणि वाटी घासायला स्वतःच घेऊन बसला.

निकिता रोज माठाशी बसायची. आईची चित्रं काढायची. आई भाकरी थापताना, आई मोळी उचलताना, आई झोपलेली. लक्ष्मीबाई येता-जाता बघायची, वाळलेली पानं निरखून घ्यायची. फेब्रुवारी उलटला तसं बुचात मधोमध तळाचं पांढरं दिसायला लागलं. मग पांढरंच जास्त झालं.

"संपत आला, आजी. आईचं तोंड लई मोठं काढते म्या."

"काढ मोठं. तोंडच तर बघायचं असतंय."

एका चित्राचं पान सुटून वाऱ्यानं स्वयंपाकखोलीत आलं तेव्हा तिनं ते उचलून, धूळ झटकून, पोरीच्या वहीत नेऊन ठेवलं. पोरगी 'ठेवा तुमाला' म्हणेल का, म्हणून ती क्षणभर थांबली होती. पोरीच्या ते मनातही आलं नाही, आणि लक्ष्मीबाईनं मागितलं नाही.

मार्चच्या मध्याला पट्टा पडला. रविवारी शाळेला सुट्टी होती, आणि सोमवारी लक्ष्मीबाई निघाली तर कुंपणापलीकडं कुशाबाई उभ्या.

"गेली टोळी. काल तांबडं फुटायला ट्रॅक्टर आला नि भरली समदी. रानात आता नुसती पाचट. ती तुमची सतरावी म्हणत हुती, आजीला सांगा."

"काय सांगा?"

"बारकीचं नाव ठिवलं म्हणून. स्वरूपा."

"व्हय का?" लक्ष्मीबाई म्हणाली. "चांगलं ठिवलं."

शाळेत खोली उघडून तिनं नेहमीप्रमाणे झाडून काढलं. उन्हं वाढायला लागली होती, माठ आतून घासून भरायचा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, आणि वाकलेली तशीच राहिली.

माठाआड, भिंतीच्या पांढऱ्यावर, कुंचला पुसलेल्या रेघा होत्या. एकाखाली एक, बोटभर लांबीच्या, वीस-पंचवीस तरी. एकदा ओरडा खाल्ल्यावर पोरगी दिसेल तिथं पुसत नव्हती; माठामागं हात घालून पुसत होती. निळ्या होत्या, हिरव्या होत्या. पण बहुतेक सगळ्या एकाच रंगाच्या. वाळलेल्या. वरच्या गडद, खालच्या खाली फिकट होत गेलेल्या, शेवटची तर नुसती ओल लागल्यासारखी.

लक्ष्मीबाईनं हात पुढं केला. सगळ्यात वरच्या रेघेपाशी तो थांबला. ही दिलेली म्हणायची की टाकून दिलेली? की नुसती राहून गेलेली? तिला ठरवता येईना. नख दुमडून घेऊन तिनं बोटाची मागची बाजू तेवढी त्या रेघेवर टेकवली. भिंत गार होती.

"आजी, काय शोधताय?" सुप्रिया मॅडम हजेरी घेऊन दारात आल्या. त्यांनीही वाकून पाहिलं. "अय्या, त्या निकितानं केलंय होय हे! घासत बसू नका हं तुम्ही. मे महिन्यात सगळ्या भिंतींना रंग देणार आहेत, तेव्हा जाईल ते आपोआप."

"व्हय," लक्ष्मीबाई म्हणाली. "मे महिन्यात."

मॅडम गेल्या. पोरं वर्गात प्रार्थनेला उभी राहिली. लक्ष्मीबाईनं माठ घासला, धुतला, आणि जागेवर ठेवायला उचलला. मग भिंतीपासून हातभर अलीकडं ठेवला. खाली बसून, शिंतोडा उडणार नाही अशा बेतानं, तांब्या तांब्यानं ती त्यात पाणी भरू लागली.